रविवार कारंजाजवळचे बाइंडिंगवाले काका, आणि आजोबांची दादासाहेबांवरची फाईल

दुकानाला पाटी नाहीये हे आधीच सांगते, नाहीतर शोधत फिराल. नाशिकला रविवार कारंजाला उतरायचं, मेन रोडकडे चालायला लागायचं आणि कुठल्याही वह्यापेनांच्या दुकानात विचारायचं की बाइंडिंगवाले काका कुठे बसतात, लोक बोळ दाखवतात. वर जायला लाकडी जिना आहे, पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखत असतील तर खालून हाक मारा, काकांचा पुतण्या खाली येऊन सामान घेऊन जातो. गाडी बोळात अजिबात नेऊ नका. स्टार द्यायचे तर माझ्याकडून पाच. तक्रारी पण आहेत, त्या खाली लिहिल्यात, तरी पाचच.

काम काय होतं ते जरा सविस्तर सांगते कारण त्याशिवाय काकांनी काय केलं ते कळणार नाही.

माझे आजोबा नाशिकरोडला नोटप्रेसमध्ये होते, १९५२ ला लागले आणि १९८९ ला रिटायर झाले. सरकारी नोकरी म्हणजे मोर्च्यात दिसायचं नाही, स्टेजवर चढायचं नाही, घरात खाणारी तोंडं सात, त्यामुळे त्यांनी ते आयुष्यभर पाळलं. पण जीव होता तो दादासाहेब गायकवाडांवर. कर्मवीर भाऊराव कृष्णाजी गायकवाड, आपल्याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, जन्म १५ ऑक्टोबर १९०२. भाभानगरला ज्यांच्या नावाचं सभागृह आहे, जिथे आपण सगळे लग्नांना आणि सेलला जातो, ते. आजोबा मोर्च्यात जाऊ शकले नाहीत म्हणून त्यांनी दादासाहेबांची कागदपत्रं जमवली. बाबासाहेबांच्या ‘जनता’ पेपरची कात्रणं, सभांची हस्तपत्रकं, कोणाकडून तरी हाताने उतरवून घेतलेली भाषणं, फुलस्केपवर स्वतःच्या नोंदी. ते स्वतः १९३१ चे, म्हणजे जुनी कात्रणं त्यांच्या वडिलांकडून आलेली आणि काही त्यांनी भद्रकालीत रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलेली. आणि प्रत्येक कात्रणाच्या कडेला, समासात, बारीक अक्षरात त्यांची स्वतःची टिपणं. तारीख, जागा, सोबत कोण होतं, पाऊस होता का.

आजोबा २०११ ला गेले. फाईल पत्र्याच्या ट्रंकेत खाटेखाली होती. आम्ही तेव्हा पंचवटीत राहायचो आणि २ ऑगस्ट २०१६ ला गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, जो पूर आला, नदीकाठचा दुतोंड्या मारुतीचा पुतळा पाण्यात गेला, त्या दिवशी आमच्या घरात पण पाणी शिरलं. आईने टीव्ही वर उचलला, गादी उचलली, धान्य उचललं, ट्रंक कोणाच्या लक्षातच आली नाही. दुसऱ्या दिवशी उघडली तर कागदांचा लगदा व्हायला आला होता. गच्चीवर दोऱ्या बांधून चिमट्यांनी पानं लावली, ऑगस्ट महिना, ऊन कुठलं, पंख्याखाली सुकवली, सगळ्या घराला महिनाभर ओल्या कागदाचा वास. सुकली पण तारखांचा क्रम गेला तो गेलाच, आणि शेदीडशे पानं एकमेकांना चिकटून पुठ्ठ्यासारखी झाली.

मग मी चूक केली. एका झेरॉक्सवाल्याकडे नेली, नाव लिहीत नाही, तो म्हणाला लॅमिनेशन करा मॅडम कायमचं टिकेल. मी तीस पानं दिली. गरम रोलरमधून काढली त्याने. जुन्या कागदात ओल होती ती आतच कोंडली आणि वर्षभरात आतल्या आत बुरशीचे तपकिरी ठिपके आले, शाईने लिहिलेलं होतं तिथे निळा डाग पसरला. आता ते प्लास्टिक निघत नाही, ओढलं तर कागद सोबत येतो. ती तीस पानं बघितली की मला अजून पोटात तुटतं. ज्यांच्याकडे घरात जुने कागद असतील त्यांना हात जोडून सांगते, लॅमिनेशन करू नका.

काकांचा पत्ता मला एका रिटायर्ड सरांनी दिला. पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी पिशवी उघडायच्या आधी हात धुतले, पंचाला कोरडे पुसले, मग टेबलावर पांढरं कापड अंथरलं. एक पान उचललं, उजेडाकडे धरलं, वास घेतला. म्हणाले, “पाण्यातनं गेलंय ना?” मी म्हटलं हो, सोळाच्या पुरात. म्हणाले, “गंगेचं पाणी आहे, गाळ बसलाय बघा,” आणि नखाने कडेची एक रेघ दाखवली, अगदी बारीक मातकट रेघ, जी इतकी वर्षं मी कागदाचा रंग समजत होते.

मग चिकटलेला एक गठ्ठा घेतला आणि माझ्यासमोर एक पान सोडवून दाखवलं. ओला करून पिळलेला टीपकागद खाली, एक वर, त्यावर काच, दहा मिनिटं काही नाही केलं, चहा प्यायले. मग बांबूची काडी, चाकूसारखी तासलेली, ती कोपऱ्यातून सरकवायला लागले. ओढायचं नाही, फक्त काडी पुढे ढकलायची आणि थांबायचं, कागद स्वतः सुटला तर पुढे, नाहीतर परत टीपकागद. एक पान सुटायला पंचवीस मिनिटं लागली. आतलं पान निघालं तर त्यावर आजोबांचं अक्षर जसंच्या तसं, काळी शाई होती म्हणून टिकली. मी जिन्यात येऊन रडले हे खरं आहे.

आता मुख्य गोष्ट. मी समजत होते बाइंडिंग म्हणजे पानं द्यायची, तो शिवणार, पुठ्ठा लावणार, कटिंग मशीनवर तीन बाजू छाटणार, झालं. काका म्हणाले, “कटिंग करणार नाही. समासात लिहिलंय त्यांनी. छाटलं तर त्यांचं लिखाण जाईल.” सुट्या पानांना जुजबंदी, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे छोटे गठ्ठे (जुज) करून घडीवर शिवणं, होत नाही, घडी नसते ना, म्हणून बाकीचे लोक काय करतात की कडेने ड्रिल मारून टोचून शिवतात, त्यात डाव्या बाजूचं अर्धा इंच आत जातं आणि वही पूर्ण उघडत नाही. काकांनी प्रत्येक दोन पानांच्या मध्ये पातळ कागदाची पट्टी चिकटवून त्यांची जोडी केली, मग अशा जोड्यांचे जुज करून मेणाच्या दोऱ्याने शिवले. मैद्याची खळ ते स्वतः शिजवतात, मोरचूद घालतात पण ती फक्त पुठ्ठ्याच्या खळीत, जुन्या पानाला लागणाऱ्या खळीत नाही. फाटलेल्या जागी मागून पातळ टिश्यू. गंजलेल्या पिना एकेक करून पक्कडीने काढल्या, एका काचेच्या बाटलीत भरून मला परत दिल्या, का तर म्हणे मोजून घ्या, एकही पान पिनेसकट शिवलेलं नाही. ४१२ पानं.

पण त्याआधी त्यांनी मला जो प्रश्न विचारला तो असा, “ताई, लावायचं कसं? तारखेनं का साइजनं? तारखेनं लावायचं असेल तर तुम्हालाच लावून आणावं लागेल, मी वाचत बसलो तर वर्ष लागेल.”

मग मी पंधरा दिवस रोज रात्री जेवण झाल्यावर जमिनीवर चादर टाकून ती पानं तारखेने लावली. चाळीस वर्षांची झाले, दादासाहेबांच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले, पण सुट्या सुट्या, एक काळारामची, एक जमिनीच्या सत्याग्रहाची, एक दिल्लीची. ओळीने कधीच वाचलं नव्हतं. ओळीने वाचल्यावर तो माणूस मला पहिल्यांदा कळला असं वाटतं.

सुरुवात काळारामची, म्हणजे काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहाची. २ मार्च १९३०. बाबासाहेबांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण बाबासाहेब मुंबईत, पुढे गोलमेज परिषदेला लंडनला, इथे नाशकात रोजच्या रोज सत्याग्रही कोण जमवणार, खेड्यातून आलेल्यांच्या भाकरीची सोय कोण करणार, पकडलेल्यांच्या घरी कोण जाणार, ते सगळं दादासाहेबांकडे. तिशी पण आली नव्हती त्यांची. एप्रिलमध्ये रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. आजोबांच्या वडिलांनी तिथलं जे सांगितलं ते आजोबांनी फुलस्केपच्या तीन पानांवर लिहून ठेवलंय, त्यातली दोन पानं टीपकागदाने सुटली, तिसरं लॅमिनेशनमध्ये गेलं. पाच वर्षं चाललं ते आंदोलन आणि देऊळ उघडलं नाही. ३ मार्च १९३४ ला बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहिलं की आता परत रामनवमीला सत्याग्रह करू नका, मूर्तीपूजक व्हायचं म्हणून मी हे सुरू केलं नव्हतं, आता लक्ष शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवायला हवं, साधारण त्या अर्थाचं. आजोबांनी ते पत्र हाताने उतरवून ठेवलंय. आणि त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५, येवला, हिंदू म्हणून मरणार नाही ही बाबासाहेबांची घोषणा.

मग १९३७. इथे मी सगळ्यात जास्त रात्री घालवल्या, कारण हा भाग आमच्या घरात कोणी कधी सांगितलाच नव्हता. सगळे म्हणायचे दादासाहेब खासदार होते. ते आधी मुंबई इलाख्याच्या असेंब्लीत होते हे मला फाईलीतून कळलं. पुणे करारामुळे मुंबई इलाख्यात १५ राखीव जागा, असेंब्ली १७५ ची, मतदान सगळ्यांना नाही, सारा भरणारा किंवा शिकलेला असेल त्यालाच, म्हणजे ज्यांच्यासाठी निवडून जायचं त्यातल्या बहुतेकांना मतच नाही. त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ च्या ऑगस्टमध्ये निघालेला, वर्ष पण झालं नव्हतं, आणि त्या पक्षातून नाशिक जिल्ह्याने दादासाहेबांना पाठवलं. पहिली बैठक पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये, जुलै १९३७. समोर बाळासाहेब खेरांचं काँग्रेसचं मंत्रिमंडळ, मुख्यमंत्र्यांना तेव्हा पंतप्रधान म्हणायचे, अध्यक्षांच्या खुर्चीत मावळंकर, आणि इकडच्या बाकावर बाबासाहेबांच्या सोबत आंबे गावचे भाऊराव.

सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी खोती, म्हणजे कोकणातली खोतांकडून साऱ्याची वसुली करायची पद्धत, मोडायचं बिल आणलं. ते बिल सभागृहात अडकलं तर जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने आले. नोव्हेंबर ३८ ला संप करणंच गुन्हा ठरवणाऱ्या बिलाविरुद्ध गिरण्या बंद. म्हणजे आत बिल आणि बाहेर माणसं, आणि तीच माणसं दोन्हीकडे. आजोबांनी इथे समासात एक लिहिलंय, त्यांचे शब्द तसेच देते, “आत बोलले तेच बाहेर बोलले. तारीख पहा.” आणि दोन कात्रणांना एकमेकांकडे बाण काढलेत पेन्सिलीने.

पुढे १९३९ चा नोव्हेंबर, महायुद्धावरून काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामे देऊन बाहेर पडली, गव्हर्नरचं राज्य आलं, आणि असेंब्ली ४६ पर्यंत भरलीच नाही. म्हणजे कागदावर नऊ वर्षं आमदार आणि बोलायला सभागृह मिळालं सव्वादोन वर्षं. आजकालचा एखादा असता तर म्हणाला असता अधिवेशनच नाही तर मी काय करू. फाईलीत मात्र ४० आणि ४१ ची पानं सगळ्यात दाट आहेत. गावोगावच्या बैठकांची हस्तपत्रकं, महार वतनाच्या जमिनीवर सरकारने जादा जुडी, म्हणजे सारा, बसवली त्याविरुद्धची, आणि १९४१ च्या ऑगस्टमध्ये सिन्नरला वतनदारांची परिषद, बाबासाहेब स्वतः आलेले. वतन म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं, गावची पडेल ती कामं चोवीस तास करायची, निरोप पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी साहेबाच्या घोड्यापुढे पळायचं आणि त्याबदल्यात जमिनीचा एक तुकडा, त्या तुकड्यावर परत सारा. माझे पणजोबा हे करायचे. ते वतन कायद्याने गेलं ते १९५८ च्या कायद्यात. म्हणजे दादासाहेब असेंब्लीत गेले तेव्हापासून वीस वर्षांनी.

४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, म्हणजे बाबासाहेबांचा नंतरचा पक्ष, साफ पडली. त्या वर्षाची फाईलीत फक्त चार पानं आहेत, आजोबांनी नीट जमवली पण नसावीत, मन लागलं नसेल.

आता काकांचा दुसरा प्रश्न. ४१२ पानं, त्यात पट्ट्यांची जाडी धरून एका पुस्तकात शिवलं तर पाठ तुटणार, दोन खंड करावेच लागतील. “मधे कुठे तोडू?” मी आधी म्हटलं सोपं आहे, एका खंडात सभागृह, म्हणजे असेंब्ली, लोकसभा, राज्यसभा, आणि दुसऱ्यात रस्ता, म्हणजे सत्याग्रह, मोर्चे, तुरुंग. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले तसे दोन गठ्ठे करून आणा.

तीन रात्री प्रयत्न केला, होत नव्हतं. १९५७ ला दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले, संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होती. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष निघाला. १९५९ ला भूमिहीनांचा सत्याग्रह, तेव्हा ते खासदारच. मग ते पान कुठल्या गठ्ठ्यात? १९६२ ते ६८ राज्यसभा, आणि मधे ६ डिसेंबर १९६४ ला देशभर सुरू झालेला सत्याग्रह, लाखो लोक तुरुंगात गेलेले. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान होते, त्यांना मागण्यांची यादी दिलेली, पडीक जमीन भूमिहीनांना द्या, धान्याचे भाव आवरा, किमान वेतनाचा कायदा खरोखर लावा, बौद्ध झालेल्यांच्या सवलती चालू ठेवा, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचं चित्र लावा. यातल्या सेंट्रल हॉलमध्ये चित्र लागलं ते एप्रिल १९९० मध्ये, केंद्रातल्या सवलती बौद्धांना लागू झाल्या त्या पण १९९० ला, दादासाहेब जाऊन १९ वर्षं झाली होती. आता ही यादी सभागृहातली की रस्त्यावरची? मी एकदा इकडे ठेवायचे, एकदा तिकडे. नवरा म्हणाला झेरॉक्स काढून दोन्हीकडे ठेव. शेवटी मी आजोबांचे ते पेन्सिलीचे बाण बघितले, आणि लक्षात आलं की दोन गठ्ठे केले की त्यांचे सगळेच बाण तुटतात.

परत काकांकडे गेले आणि म्हटलं तोडता येत नाही. काकांनी मला बसवलं, गठ्ठा हातात घेतला, बोटाने जाडी मोजली, मधे एक पुठ्ठ्याची पट्टी सरकवली. ती आली १९५६ च्या डिसेंबरच्या थोडं पुढे. म्हणाले, “इथे काय आहे?” मी बघितलं तर बाबासाहेबांच्या निर्वाणानंतरची पानं. त्याच्या मागे १४ ऑक्टोबरची नागपूरची दीक्षा. काका म्हणाले, “मग इथेच तोडू. वजन पण बरोबर येतंय.” तसंच केलं. पहिला खंड १९५६ पर्यंत, दुसरा तिथून २९ डिसेंबर १९७१ पर्यंत, दादासाहेब गेले तो दिवस.

दुसऱ्या खंडात एक पान आहे त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आजोबांचे थोरले भाऊ गावाला मजुरी करायचे, स्वतःची वीतभर जमीन नाही, ते ६४ च्या सत्याग्रहात जेलमध्ये गेले. आजोबांच्या वहीत त्या तारखेला एवढंच आहे, “भाऊ आज गेला. मी दुपारपाळीला.” खाली पान कोरं. त्या कोऱ्या जागेत पाण्याचा डाग आहे, तो पुराचा आहे हे मला माहीत आहे, रेघ जुळते. काकांनी ते पान सोडवताना मला फोन केला होता, म्हणाले खाली रिकामं आहे, मागचं पान चिकटून राहिलं असेल असं वाटून मी दोनदा बघितलं, पण नाही, रिकामंच आहे, तसंच ठेवतो.

काकांचा पुतण्या, विशी-बाविशीचा असेल, स्कॅनिंग तो करतो. त्याने पहिल्या दिवशी विचारलं, “हे सभागृहवाले का? का ते योजनेवाले?” त्याच्या गावात कोणाला तरी दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेत जमीन मिळालेली, चार एकर जिरायत नाहीतर दोन एकर बागायत असते ती. मी म्हटलं हो तेच, त्या माणसाने जमिनीसाठी लोकांना तुरुंगात नेलं म्हणून योजनेला त्यांचं नाव आहे. मग तो स्कॅन करता करता वाचायला लागला, दर वेळी गेले की काहीतरी विचारायचा, एकदा म्हणाला खासदार असून स्वतः सत्याग्रहाला बसायचे? खरंच? मला फार बरं वाटलं.

आता तक्रारी. तीन आठवडे सांगितले होते, दोन महिने लागले. फोन उचलत नाहीत, खळीचे हात असतात त्यांचे हे मान्य, पण पुतण्याने तरी उचलावा. पावती नाही, एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे पेनने आकडा लिहून देतात, ती जपून ठेवा. पहिल्या स्कॅनमध्ये समास कापला गेला होता, नेमकी आजोबांची टिपणंच गायब, मी चिडले, पूर्ण चारशे पानं परत करायला लावली, केली बिचाऱ्याने, जादा पैसे घेतले नाहीत. आणि मोठी चूक म्हणजे पाठीवर सोनेरी अक्षरांत पहिल्या खंडावर ‘कर्मविर’ छापलं, वी ऱ्हस्व. घ्यायला गेले तेव्हा दिसलं. मी काही बोलायच्या आधी काकांनीच बघितलं आणि चेहरा पडला त्यांचा. रेक्झिनची पाठ उस्कटून नवीन लावली, मला तासभर बसवून समोर. आत शिवण दिसत होती तेव्हा, पांढऱ्या दोऱ्याची, एकसारखी, माझ्या आजीच्या गोधडीचे टाके असायचे तशी.

खर्च सांगते, लोक विचारतात. दोन खंड, पानं सोडवण्यापासून सगळं धरून ४,६०० रुपये, स्कॅनिंगचे पानाला ३ रुपये वेगळे. निम्मे आधी द्यावे लागतात. यूपीआय चालतं पण पुतण्याच्या मोबाईलवर, तो नसेल तर रोख. साध्या बाइंडिंगच्या मानाने महाग वाटेल, शाळेच्या वह्या आणि प्रोजेक्ट काळ्या पुठ्ठ्यात बांधून हवे असतील तर इथे येऊच नका, ते कुठेही शंभर-दीडशेत होतं आणि काकांना पण त्यात रस नाही. पण घरात कोणाची डायरी असेल, जुनी खतावणी, कीर्तनाची वही, आजीची गाण्यांची वही, तर आणा. लॅमिनेशन झालेल्या त्या तीस पानांचं ते काही करू शकले नाहीत, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं, बाकीच्यांनी करून बघतो म्हणून घेतली असती. रुंद पट्टी लावून त्यांच्या त्यांच्या तारखेला शिवलीत, उघडताना मधेच चकचकीत लागतात हाताला.

आता दोन्ही खंड पूर्ण उघडतात, टेबलावर सपाट, दाबायला लागत नाही. गेल्या आठवड्यात मोठ्या आजोबांची नात गावाहून आली होती, तिला ते दुपारपाळीचं पान दाखवलं, ती बराच वेळ बघत बसली, मग मोबाईलने फोटो काढून तिच्या वडिलांना पाठवला.

न्यायचे असतील तर कागद सुती फडक्यात बांधून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आणि पावसाळ्यात शक्यतो नकोच, काकाच परत पाठवतात, खळ वाळत नाही म्हणून. सकाळी अकराच्या आधी जिना चढू नका. स्टेपलच्या पिना घरी काढू नका, कितीही गंजलेल्या असू देत, त्या ते स्वतः काढतात.